संगणक, खेळांसाठीचा : अल्पखर्ची जुळणीचा इतिहास

मुख्यतः खेळ खेळण्याच्या हेतूने, ठरावीक व मर्यादित रकमेत, निरनिराळ्या उत्पादकांचे सुटे भाग निवडून जुळविलेला वैयक्तिक संगणक म्हणजे अल्पखर्ची खेळ-संगणक होय. भारतीय बाजारात अशा जुळविलेल्या संगणकास ‘असेंबल्ड’ हे नाव रूढ आहे. त्यात सामान्यतः सात भाग असतात : सर्व भागांना जोडणारा मदरबोर्ड, आकडेमोड व नियंत्रण करणारा प्रोसेसर, चालू कामाची तात्पुरती स्मृती म्हणजे रॅम, चित्रे रेखाटणारे ग्राफिक्स कार्ड, कायमच्या साठवणीची चकती, वीजपुरवठा करणारा एसएमपीएस संच आणि या सर्वांना सामावणारे कॅबिनेट. पडदा, कळफलक व माउस हे यांखेरीज लागतात.

कार्यालयीन कामात संगणकाने क्षणभर उशीर केला, तर फारसे बिघडत नाही. खेळाचे तसे नसते. दर सेकंदास ६० चित्रे दाखवावयाची, तर प्रत्येक चित्रासाठी सु. १६.७ मिलिसेकंदच मिळतात. तेवढ्या वेळात खेळाडूची हालचाल वाचणे, खेळातील घटनांचे गणित करणे व नवे चित्र रेखाटणे ही सर्व कामे व्हावी लागतात. यांपैकी एक काम जरी रेंगाळले, तरी चित्र अडखळते व बाकीचे भाग कितीही वेगवान असले तरी रिकामे थांबून राहतात. त्यामुळे रक्कम थोडी असताना सर्वोत्तम भाग कोणता यापेक्षा अडसर कोणत्या भागात आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. गेल्या चार दशकांत हा अडसर एका भागातून दुसऱ्या भागात सरकत गेला आहे. अल्पखर्ची जुळणीचा इतिहास हा बव्हंशी या स्थलांतराचा इतिहास होय. [→ संगणक, सूक्ष्मप्रक्रियक].

पार्श्वभूमी : सुटे भाग निवडता यावेत यासाठी दोन गोष्टी आवश्यक असतात. भिन्न उत्पादकांचे भाग एकमेकांशी जुळले पाहिजेत आणि एकाच प्रकारचा भाग विकणारे अनेक असले पाहिजेत. प्रारंभीच्या घरगुती संगणकांत या दोन्हींचा अभाव होता. ब्रिटनमधील झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२) व अमेरिकेतील कॉमोडोर ६४ (१९८२) ही यंत्रे स्वस्त होती आणि खेळांसाठी लोकप्रियही होती. कॉमोडोर ६४ मध्ये चित्र व ध्वनी यांसाठी स्वतंत्र चकत्या बसविलेल्या होत्या. परंतु ती यंत्रे जशी मिळत तशीच वापरावी लागत. यंत्र जुने झाले की त्यातील एखादा भाग बदलून ते नव्या खेळांस योग्य करण्याची सोय जवळजवळ नव्हती.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. खेळांच्या दृष्टीने तो सुरुवातीस अगदीच सामान्य होता. त्याचा इंटेल ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झ वेगाने चाले. त्याचे रंगीत चित्रांचे कार्ड ३२० × २०० बिंदूंवर एका वेळी चारच रंग दाखवी आणि चकतीयंत्र व पडदा यांशिवायच त्याची किंमत १,५६५ डॉलर होती. तथापि अल्पावधीत संगणक तयार करण्यासाठी आयबीएमने प्रोसेसर इंटेलकडून व नियंत्रण प्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली होती. मदरबोर्डावर जादा कार्डांसाठी पाच खाचा ठेवल्या होत्या आणि विद्युत् मंडलांच्या आकृत्यांसह तांत्रिक माहितीपुस्तिकाही प्रसिद्ध केली होती. त्यामुळे आयबीएमच्या मालकीचा असा महत्त्वाचा भाग एकच उरला : संगणक सुरू करणारी ‘बायॉस’ ही अंगभूत आज्ञावली.

या आज्ञावलीची नक्कल करणे कायद्याने अशक्य होते. परंतु तिचे कार्य समजून घेऊन तेच कार्य करणारी नवी आज्ञावली लिहिण्यास प्रत्यवाय नव्हता. कॉम्पॅक या कंपनीने या मार्गाने तयार केलेला सुसंगत संगणक नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर केला. १९८४ मध्ये फीनिक्स या कंपनीने अशीच बायॉस तयार करून ती कोणाही उत्पादकास परवान्याने देऊ केली. एका गटाने मूळ आज्ञावलीच्या कार्याचे वर्णन करावयाचे व मूळ आज्ञावली कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवी लिहावयाची, अशी ही पद्धत होती. नवा संगणक खरोखर सुसंगत आहे की नाही हे पाहण्यासाठी त्या काळी लोटस १-२-३ या हिशेबाच्या आज्ञावलीबरोबर मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा विमानोड्डाणाचा खेळ चालवून पाहत, हे येथे लक्षणीय आहे.

यानंतर सुसंगत मदरबोर्ड व कार्डे यांचे उत्पादन झपाट्याने वाढले आणि त्यात तैवानने आघाडी घेतली. तेथील एमएसआय व गिगाबाइट (दोन्ही १९८६) आणि एसूस (१९८९) या कंपन्या पुढे मदरबोर्ड व ग्राफिक्स कार्डे यांच्या प्रमुख उत्पादक बनल्या. १९८७ मध्ये आयबीएमने ‘मायक्रो चॅनल’ ही आपल्या मालकीची नवी जोडणीपद्धती आणून बाजार पुन्हा ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. परंतु इतर उत्पादकांनी तो मानला नाही. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स या मानकाने मदरबोर्डाची मापे, स्क्रूंच्या जागा व एसएमपीएसची जोडणी निश्चित केली. हे मानक, काही सुधारणांसह, २०२० नंतरच्या दशकातही प्रचारात राहिले. त्यामुळे एकदा घेतलेले चांगले कॅबिनेट दोन-तीन जुळण्यांस पुरू लागले.

प्रोसेसरचे प्राधान्य : आयडी सॉफ्टवेअर या संस्थेचा ‘डूम’ हा खेळ डिसेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील संपूर्ण चित्र प्रोसेसरच तयार करीत असे. म्हणून त्या काळी रक्कम प्रथम प्रोसेसरवर, नंतर रॅमवर आणि मग चित्र पडद्यापर्यंत त्वरेने पोचविणाऱ्या कार्डावर खर्च करणे योग्य ठरे. एएमडी व सायरिक्स या कंपन्या इंटेलशी सुसंगत प्रोसेसर कमी दरात विकीत आणि ‘सॉकेट ७’ या बैठकीच्या मदरबोर्डावर तिन्ही कंपन्यांचे प्रोसेसर बसत. ग्राहकाला निवडीचे इतके स्वातंत्र्य त्यापूर्वी क्वचितच मिळाले होते.

या स्वातंत्र्यातील धोका ‘क्वेक’ (जून १९९६) या खेळाने उघड केला. या खेळाचे त्रिमितीय गणित अपूर्णांकी आकडेमोडीवर आधारलेले होते व ते पेंटियम प्रोसेसरच्या रचनेस अनुसरून लिहिलेले होते. सायरिक्सचा ६x८६ हा प्रोसेसर कार्यालयीन कामात पेंटियमच्या तोडीचा असून स्वस्त होता. परंतु त्याचा अपूर्णांकी गणिताचा विभाग मंद असल्याने क्वेकमध्ये तो स्पष्टपणे मागे पडला. प्रोसेसरच्या नावातील आकडा व सर्वसाधारण वेगमापन यांवर विसंबून खरेदी करणाऱ्यांची यात फसगत झाली. भागाची पारख ज्या कामासाठी तो घ्यावयाचा त्याच कामावर करावी, ही पद्धत यानंतर रूढ झाली. नियतकालिकांतील चाचण्यांत प्रत्यक्ष खेळांतील चित्रगती देण्याचा प्रघात याच सुमारास वाढला.

स्वस्त प्रोसेसरच्या इतिहासात इंटेलच्या सेलेरॉन ३००ए (ऑगस्ट १९९८) याचे स्थान विशेष आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये दुसऱ्या पातळीची शीघ्र स्मृती मुळीच नव्हती व त्यामुळे तो अयशस्वी ठरला होता. ३००ए मध्ये ती १२८ किलोबाइट एवढीच होती, पण प्रोसेसरच्याच चकतीवर असल्याने ती पूर्ण वेगाने चाले. या प्रोसेसरचा वेग मदरबोर्डाच्या ६६ मेगाहर्ट्‌झ या मूळ गतीच्या साडेचारपट ठरविलेला होता. मदरबोर्डाची गती १०० मेगाहर्ट्‌झ केली की तो ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्‌झने चाले. बरेच नग हा ताण सहन करीत. जाहीर करताना ३००ए ची घाऊक किंमत १४९ डॉलर होती, तर त्याच दिवशी जाहीर झालेल्या ४५० मेगाहर्ट्‌झच्या पेंटियम २ ची ६६९ डॉलर होती. खेळांत या दोहोंतील अंतर अल्प राही. निर्धारित मर्यादेपेक्षा भाग अधिक वेगाने चालविण्याच्या या युक्तीस ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. पुढे उत्पादकांनी स्वस्त प्रोसेसरमध्ये तिला प्रतिबंध घातला व ती सवलत महाग नगांपुरती ठेवण्याकडे त्यांचा कल वाढला.

ग्राफिक्स कार्डाचा उदय : १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स या कंपनीच्या ‘व्हूडू’ चकतीवर आधारलेली कार्डे बाजारात आली. ती केवळ त्रिमितीय चित्रे रेखाटीत, म्हणून नेहमीचे कार्ड ठेवून त्याच्या जोडीला ती बसवावी लागत. स्मृतीचे भाव त्या वर्षी घसरल्याने ही कार्डे घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात आली. जानेवारी १९९७ मध्ये क्वेकची त्रिमितीय कार्डांसाठीची आवृत्ती उपलब्ध झाली आणि मध्यम प्रतीच्या प्रोसेसरवरही अधिक स्वच्छ व गतिमान चित्र मिळू लागले. अडसर प्रोसेसरकडून ग्राफिक्स कार्डाकडे सरकला. एनव्हिडियाच्या जीफोर्स २५६ (१९९९) या कार्डाने दृश्याचे भूमितीय रूपांतर व प्रकाशयोजना यांचे गणितही प्रोसेसरकडून काढून घेतले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घेण्याचा करार एनव्हिडियाने केला आणि एटीआय ही कंपनी २००६ मध्ये एएमडीने घेतली. परिणामतः या भागाच्या बाजारात मुख्यतः दोनच प्रतिस्पर्धी उरले.

स्पर्धा जिवंत असली की तिचा लाभ अल्पखर्ची ग्राहकास किती त्वरेने मिळतो, याचे उदाहरण २००८ मध्ये दिसले. जून महिन्यात एनव्हिडियाने जीटीएक्स २८० हे कार्ड ६४९ डॉलरना व जीटीएक्स २६० हे ३९९ डॉलरना आणले. त्याच महिन्यात एएमडीने रेडिऑन एचडी ४८५० हे १९९ डॉलरना व एचडी ४८७० हे २९९ डॉलरना आणले. काही आठवड्यांतच एनव्हिडियाला आपल्या कार्डांच्या किंमती अनुक्रमे ४९९ व २९९ डॉलर कराव्या लागल्या.

रकमेचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डास द्यावा, हा नियम या काळात स्थिर झाला. मात्र कार्डाची निवड पडद्यावर अवलंबून असते. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर प्रत्येक चित्रात सु. २०.७ लक्ष बिंदू रंगवावे लागतात. ३८४० × २१६० बिंदूंच्या पडद्यावर त्याच्या चौपट. म्हणून मोठ्या सुस्पष्टतेचा पडदा आधी घेणारा ग्राहक नकळत महाग कार्डाचा खर्चही ओढवून घेतो. जीटीएक्स १०६० (२०१६) हे १९२० × १०८० साठी पुरेसे असलेले मध्यम किंमतीचे कार्ड स्टीम या खेळविक्री सेवेच्या मासिक पाहणीत २०१८ पासून २०२२ पर्यंत बहुतेक काळ सर्वाधिक वापरातील कार्ड होते. नव्या महाग कार्डांच्या गाजावाजापेक्षा सामान्य खेळाडूची गरज वेगळी असते, हे यावरून दिसते.

भागांचा समतोल : एकाच भागावर दृष्टी ठेवल्याने होणाऱ्या चुकांची उदाहरणे या इतिहासात पुष्कळ आहेत. इंटेलचा पेंटियम जी३२५८ (२०१४) हा ७२ डॉलरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगला खुला असल्याने लोकप्रिय झाला. परंतु त्यात दोनच गाभे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेला ‘फार क्राय ४’ हा खेळ अशा प्रोसेसरवर मुळात सुरूच होईना. जानेवारी २०१७ मधील पेंटियम जी४५६० मध्येही गाभे दोनच होते, पण प्रत्येक गाभा दोन कार्यधारा हाताळू शके. त्यामुळे तो दीर्घकाळ उपयोगी ठरला. एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी (जानेवारी २०२२) या स्वस्त कार्डाला मदरबोर्डाशी जोडणारे मार्ग चारच ठेवलेले होते. पीसीआय एक्सप्रेस जोडणीच्या चौथ्या आवृत्तीत ते बव्हंशी पुरत. परंतु तिसऱ्या आवृत्तीच्या जुन्या मदरबोर्डांवर, म्हणजे काटकसरी ग्राहकाकडे जे असण्याचा संभव अधिक त्यांवरच, त्याचा वेग घटे. इंटेलच्या आर्क बी५८० (डिसेंबर २०२४) या २४९ डॉलरच्या कार्डाला १२ गिगाबाइट स्मृती होती, पण पूर्ण कार्यक्षमतेसाठी त्याला तुलनेने नवा मदरबोर्ड व प्रोसेसर आवश्यक होता.

एसएमपीएस हा भाग चित्रगतीत काहीच भर घालीत नसल्याने काटकसरीची कात्री प्रथम त्यावर चालते. परंतु निकृष्ट संच बिघडला, तर मदरबोर्ड व ग्राफिक्स कार्डही निकामी करू शकतो. वेष्टनावर लिहिलेली वॉटसंख्या नेहमीच विश्वसनीय नसते. २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘८० प्लस’ प्रमाणन योजनेने २०, ५० व १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमतेची अट घातली व ग्राहकास एक निकष मिळाला. हे प्रमाणन कार्यक्षमतेचे आहे. संरक्षक मंडलांच्या गुणवत्तेची ती हमी नव्हे. हवा खेळती ठेवण्याची व्यवस्थाही अशीच दुर्लक्षित राहते. भागांचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत जाते. म्हणून युरोपातील चाचणीत पुरेसा ठरलेला पंखा विदर्भातील उन्हाळ्यात अपुरा पडू शकतो.

अत्यल्प रकमेसाठी दोन मार्ग विशेष प्रचारात आले. पहिला, चित्ररेखनाचा विभाग अंतर्भूत असलेला प्रोसेसर घेण्याचा. एएमडीचा रायझन ३ २२००जी (फेब्रुवारी २०१८, ९९ डॉलर) याने साधे खेळ स्वतंत्र कार्डाविना खेळणे शक्य केले. अशा प्रोसेसरचा चित्रविभाग मुख्य रॅमच वापरतो. म्हणून रॅमची एक पट्टी न घेता तेवढ्याच क्षमतेच्या दोन पट्ट्या घेतल्यास वेगात लक्षणीय वाढ होते. दुसरा मार्ग, कचेऱ्यांनी काढून टाकलेला संगणक घेऊन त्यात स्वतंत्र वीजजोडणी न लागणारे कार्ड बसविण्याचा. मदरबोर्डाच्या खाचेतून ७५ वॉटपर्यंत वीज मिळते. जीटीएक्स ७५० टीआय (२०१४) व जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) ही कार्डे बहुधा तेवढ्यावर चालत.

दूरच्या घटनांचा परिणाम : संगणकाच्या भागांचे उत्पादन मोजक्या ठिकाणी एकवटलेले असल्याने दूरच्या घटना ग्राहकाच्या अंदाजपत्रकात उतरतात. जुलै १९९३ मध्ये जपानमधील नीहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चकत्यांच्या आवरणासाठी लागणाऱ्या राळेच्या पुरवठ्याचा मोठा भाग तेथून येत असल्याने स्मृतीचे भाव एकदम चढले. सप्टेंबर १९९९ मधील तैवानच्या भूकंपानंतर असेच घडले. २०११ च्या थायलंडमधील महापुरानंतर हार्ड डिस्क महागल्या. २०१७–१८ व २०२०–२२ या काळांत कूटचलन मिळविण्यासाठी ग्राफिक्स कार्डांची प्रचंड खरेदी झाली व जाहीर किंमतीत कार्ड मिळणे दुर्घट झाले. दुसऱ्या वेळी महासाथीमुळे वाढलेली मागणी व पुरवठ्यातील टंचाई यांची त्यात भर पडली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथीरियम या चलनाने आपली पद्धती बदलल्यावर ही मागणी ओसरली. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहिती-केंद्रांसाठी स्मृतीची मागणी वाढून रॅमचे भाव पुन्हा झपाट्याने चढले. मायक्रॉन या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठीची आपली ‘क्रूशल’ ही मुद्रा बंद करण्याचे जाहीर केले. परिणामी रॅम हा पूर्वी किरकोळ समजला जाणारा खर्च निवडीच्या केंद्रस्थानी आला.

भारतातील स्थिती : भारतात १९८० च्या दशकापर्यंत संगणकांची आयात परवाने व जबर जकात यांनी नियंत्रित होती. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने व पुढे १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी ती क्रमशः सैल झाली. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला व त्यानुसार संगणक व त्याचे बहुतेक भाग यांवरील मूळ आयात जकात २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आली. मुंबईतील डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजेच लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस व बंगळूरचा एस. पी. रोड या बाजारपेठांत सुट्या भागांचा व्यापार एकवटला. तेथील दुकानदार भाग विकून संगणक जुळवूनही देत. मोठ्या कंपन्यांचा तयार संगणक महाग वाटणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांत पहिला संगणक पुष्कळदा असाच आला. तो पाल्याच्या अभ्यासासाठी म्हणून घेतला जाई आणि ग्राफिक्स कार्डाची भर मागाहून पडे.

भारतीय ग्राहकाची किंमत डॉलरमधील किंमतीच्या सरळ रूपांतराने ठरत नाही. रुपयाचा विनिमय दर, जुलै २०१७ पासून बहुतेक भागांवर लागू असलेला १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि आयातदाराचा नफा यांची तीत भर पडते. त्यामुळे अमेरिकेत रास्त ठरलेली निवड येथे तशीच रास्त ठरेल असे नसते. सेवाकेंद्र जवळपास आहे काय आणि हमी आयातदाराची आहे की उत्पादकाची, या बाबीही निवडीत धराव्या लागतात.

निवडीचे भवितव्य : काटकसरी ग्राहकाचे खरे बळ एकदम खरेदी न करता क्रमाक्रमाने सुधारणा करण्यात आहे. एएमडीच्या एएम४ या बैठकीवरून हे स्पष्ट होते. २०१७ मध्ये घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर बायॉस अद्ययावत करून २०२२ मधील रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर बसविता आला. याउलट रॅम मदरबोर्डावरच कायमची डाखलेली असलेली यंत्रे व हातात धरावयाचे खेळ-संगणक यांचे प्रमाण वाढत गेले. अशा यंत्रांत आटोपशीरपणा व विजेची बचत साधते; परंतु वाढीव स्मृतीची किंमत खरेदीच्या वेळीच मोजावी लागते व नंतर चूक सुधारता येत नाही. १५० डॉलरच्या आसपासची नवी ग्राफिक्स कार्डेही २०१९ नंतर विरळ होत गेली. ती जागा अंतर्भूत चित्रविभागाचे प्रोसेसर व जुन्या कार्डांची फेरविक्री यांनी काही अंशी भरून काढली.

१९८० च्या दशकात ज्या खुल्या रचनेमुळे सामान्य ग्राहकास एकेक भाग पारखून घेण्याचा व पुढे बदलण्याचा अधिकार मिळाला, ती रचना कोणी हेतुपुरस्सर त्याच्यासाठी निर्माण केलेली नव्हती. एका कंपनीची घाई, दुसऱ्या कंपनीची चतुराई व तैवानमधील उत्पादकांची स्पर्धा यांतून ती घडली. तिचे टिकणेही भागांच्या परस्परसुसंगतीवर आणि प्रत्येक भागाचे एकाहून अधिक उत्पादक बाजारात असण्यावर अवलंबून आहे.